खाच नंबर चार

दाजी धुरी माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचं वजन करायचे. तेही काट्याशिवाय. तुम्ही समोर उभे राहिलात की त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून कमरेपर्यंत उतरायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग ते म्हणायचे, "एकाहत्तर. बरे आहात ना?" आमच्या लालबागच्या चाळीत एकदा लग्न होतं. सगळे अक्षता टाकून सुखी राहा म्हणत होते, आणि दाजी स्टेजवर नवरानवरीकडे टक लावून म्हणाले, "जोडी एकशे आठ. खाच नंबर तीन." नवरी बिचारी घाबरली. तिला वाटलं पत्रिकेतलं काही निघालं.

दाजी मूळचे गिरणीतले. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते, मुकादमासारखे. साच्याच्या ठोक्यावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे म्हणे. संप झाला, साचे थांबले ते थांबलेच, आणि दाजींच्या हाताला ऐकायला काही उरलं नाही. मग ते मोटारसायकलींकडे वळले. पण इंजिनला हात लावायचे नाहीत. इंजिन कोणीही करतो, म्हणायचे. ते फक्त शॉकअप, म्हणजे धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा, माणसाच्या वजनाला बसवायचे. त्यातही रेसच्या म्हणून घेतलेल्या, दहा-दहा वर्षं वापरून खिळखिळ्या झालेल्या टू-स्ट्रोक गाड्यांचे. जगात इतकं बारीक दुकान दुसरं नसेल.

दुकान म्हणजे तरी काय, गिरणीच्या बंद फाटकासमोरची फरशी. सबंध लालबागमध्ये तेवढीच जागा पाणसळीत, अगदी सपाट आहे असं त्यांचं मत होतं. आत हजारो साच्यांना कुलूप, आणि बाहेर दाजी शॉकअपची रिंग फिरवायचा एक सी-पाना, तेल मोजायला औषधाचं काचेचं माप आणि गिरणीतली लाकडी गजकाठी घेऊन बसलेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला दुसरं काम नव्हतं, तो गिऱ्हाइकांच्या गाडीचं हँडल धरायचा.

मी माझगावला गोदीच्या कचेरीत कारकून. हौसेला मोल नाही म्हणतात, तशी मीही एक जुनी अडीचशे सीसीची गाडी घेतली. ब्रेक मारला की ती पुढून गुडघे टेकायची आणि खड्डा आला की मागून मला वर उडवायची. रविवारी लेंगा-बनियनवर ती घेऊन दाजींपुढे उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घरी पाठवलं. रोज जसा कामावर जातोस तसा ये, म्हणाले. मी कपडे चढवून आलो तर डबा कुठाय? डबा आणला तर रिकामा का? शेवटी रविवारी सकाळी ऑफिसचे बूट, छत्री आणि उसळीने भरलेला डबा घेऊन मी बंद गिरणीसमोर, जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर बसलो. अख्खी चाळ गॅलरीत आली होती.

"चौसष्ट," दाजी म्हणाले. मी म्हटलं अठ्ठावन्न. भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन आलो. चौसष्टच भरलो. त्या दिवसापासून मी संध्याकाळचे वडे बंद केले.

मोजायची त्यांची एक रीत होती. आधी गाडी उचलून चाक मोकळं सोडायचं आणि मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत काठी लावायची. मग माणूस बसवायचा, पाय वर घ्यायला लावायचे आणि पुन्हा मोजायचं. गाडी किती बसली ते कळतं. पण जुना शॉकअप खोटं बोलतो, म्हणून एकदा गाडी दाबून हळूच सोडायची, एकदा उचलून हळूच सोडायची आणि दोन्हींतलं मधलं धरायचं. पुढच्या शॉकअपच्या नळीला ते गिरणीतल्या सुताचा धागा बांधायचे. चिंचपोकळीच्या पुलावरून चक्कर मारून आलं की धागा किती वर सरकला यावरून गाडी किती दबली ते वाचायचे. सगळं जमलं की साइड पॅनल काढून आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहायचे: वजन अमुक, खाच तमुक. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पाच खाचांची रिंग असते. पहिली खाच मऊ, पाचवी कडक. माझ्या पॅनलवर लिहिलंय, ६४, खाच २. डब्यासहित.

आणि एक वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. "गाडी माणसाच्या मापाची करायची. माणूस गाडीच्या मापाचा करायचा नसतो."

वरळी कोळीवाड्यातला एकजण असाच आला. त्याची आई मासळीची पाटी घेऊन त्याच्या मागे बसून बाजारात जायची. दाजींनी पाटीसकट आईला बोलावलं. पाटी भरलेली हवी, बर्फासकट. मोजता मोजता तास गेला, बर्फ वितळला, वजन उतरलं म्हणून दाजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. भोवती सहा मांजरं. ती बाई म्हणाली, "दाजी, तुमचं मोजून झालं असंल तर मावरं इकू द्या, न्हाय तर हितंच वाटा लावते." मग तिने तिथेच वाटे लावले. दाजींनीही एक घेतला.

असा हा माणूस, पण त्यांची स्वतःची गाडी म्हणजे दिव्याखाली अंधार. माझ्याच मॉडेलची, संपाच्या आधी ओव्हरटाइम करून घेतलेली. ती घेऊन ते पुलावरून निघाले की प्रत्येक सांध्याला सीटवरून वीतभर उडायचे. पोरं टाळ्या वाजवायची. मीही चेष्टा करायचो की वैद्याच्या घरी खोकला. ते हसून सोडून द्यायचे.

एकदा माझी गाडी बंद पडली म्हणून मी त्यांची मागून नेली. माझगावला पोचेपर्यंत मणका न् मणका मोजून झाला. वाटेत प्लग साफ करायला पाना हवा होता, म्हणून साइड पॅनल काढलं. आत जुना, पिवळा पडलेला रंग होता: ६३ + ५२, खाच ४.

परत येऊन मी विचारलं. दाजींनी काठी पुसायला घेतली. मग म्हणाले, "ती दोघांची गाडी आहे."

बायको सुनंदावहिनी. संपाच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी तिला कणकवलीकडे गावी धाडलं होतं. गिरणी सुरू झाली की आणतो, म्हणाले होते. चाळीतल्या अर्ध्या घरांनी तेच केलं होतं. पण बाकीच्यांच्या बायका हळूहळू परत आल्या, किंवा नवरे गेले. दाजी पाच वर्षं दर पत्रात लिहीत होते, गिरणी लवकरच उघडेल. जॉबर माणूस, हाताखाली बारा साचे होते, तो फुटपाथवर बसून लोकांचे शॉकअप बसवतो हे तिला कळवायला त्यांना धीर होत नव्हता. तिनेही कधी उलट विचारलं नाही. आणि रिंग मऊ केली की ती येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले.  पाच वर्षं मी या माणसाच्या उडण्याला हसत होतो.

मग मी जरा चिडूनच बोललो. "दाजी, वहिनींनी गिरणीशी लग्न केलं होतं की तुमच्याशी? खोटं लिहायचं बंद करा."

ते उठून निघून गेले. मला वाटलं संपलं, आता आपल्या गाडीला वाली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंतर्देशीय पत्र दाखवलं. तीन ओळी होत्या. गिरणी गेली. मी शॉकअप बसवतो, फुटपाथवर. येतेस काय?

उत्तर आलं नाही. पंधराव्या दिवशी वहिनीच आल्या, एसटीने परळला, एक पिशवी आणि कोकमांचा डबा घेऊन. दाजींच्या मागे बसून त्या चाळीत आल्या तेव्हा गाडी उडाली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या सकाळी दाजी त्यांना फरशीवर घेऊन आले. सेटिंग तपासायचं होतं. दाजी पुढे बसले, वहिनी मागे, पहारेकऱ्याने हँडल धरलं आणि गजकाठी पहिल्यांदाच माझ्या हातात आली. दीड इंच बसायला हवी होती. सव्वाच बसली, म्हणजे वजन कमी. दाबून सोडली, उचलून सोडली, मधलं धरलं. सव्वाच.

दाजी गाडीवरून उतरले. सगळ्या मुंबईचं वजन नजरेने करणारा हा माणूस, कालपासून बायकोकडे त्याने नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. "पाव इंच म्हणजे अकरा किलो," ते म्हणाले. "गो, अकरा किलो उतारलंस तू. माझ्यापायी."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ती काठी दोघांकव मोजता मा? मगे अकराच्या अकरा माजेच कशे?"

दाजींनी माझ्या हातातली काठी पुन्हा पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हिशेब चुकला होता. पाच वर्षं त्यांनी सगळ्यांना मोजलं, स्वतःला तेवढं त्रेसष्टच धरून चालले होते.

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. वहिनी सत्तेचाळीस. दाजी सत्तावन्न. पाच तिचे, सहा त्यांचे. वहिनींनी काट्यावरच्या आकड्याकडे पाहिलं, मग दाजींच्या ढगळ शर्टाकडे, आणि पदराने डोळे टिपले.

मी फरशीवर परत येऊन सी-पाना उचलला. एक खाच मऊ करायला हवी होती, एवढं मलाही कळायला लागलं होतं. दाजींनी पाना माझ्या हातातून काढून घेतला.

"रिंग आसा थयच ऱ्हवांदे. माणसां भरान येतली."

मी म्हटलं, रिंग तशीच ठेवून माणसांनी वजन भरायचं? दाजी, गाडी माणसाच्या मापाची करायची, माणूस गाडीच्या मापाचा करायचा नसतो.

"ता गिऱ्हाइकांका," दाजी म्हणाले, आणि वहिनींना मागे बसवून बांगडे आणायला गेले.