सासऱ्यांचा आवाज आणि माझं क्लाउड

त्या रविवारी मी बायकोला मदत करायचं ठरवलं. (आमच्या घरातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू होतात.) तिच्या फोनमधली जागा संपली होती आणि मी कचेरीत नुकतंच क्लाउडचं प्रशिक्षण घेतलं होतं. फायली ठेवायला आम्हा कारकुनांना लॉगिनही मिळालं होतं.

“पण ते असतं तरी काय?” बायकोने विचारलं.

“अगदी सोपं. इंटरनेटवरून दुसऱ्याचे संगणक भाड्याने वापरायचे, तीन प्रकारांनी. इन्फ्रास्ट्रक्चर घेतलं तर नुसता ओटा आणि गॅस मिळतो, रांधायचं आपण. प्लॅटफॉर्ममध्ये भाजी चिरून मिळते, आपण फक्त फोडणी द्यायची. आणि सॉफ्टवेअर म्हणजे थेट वाढलेलं ताट.”

“म्हणजे लग्न झाल्यापासून तुम्ही सॉफ्टवेअरच वापरताय.”

मी तिकडे दुर्लक्ष केलं. सगळ्यात जास्त जागा आवाजाच्या फायलींनी अडवली होती. त्या मी सरसकट क्लाउडवर चढवल्या. पब्लिक की प्रायव्हेट, असं स्क्रीनने विचारलं. सार्वजनिक नळावर आंघोळ करणाऱ्यांतला मी नव्हे! मी ऐटीत प्रायव्हेट निवडलं, समोर दिसला त्या फोल्डरमध्ये सगळं टाकलं आणि फोनमधलं पुसून मोकळा झालो.

संध्याकाळी बायको इअरफोन लावून गॅलरीत बसली आणि ताडकन उठली.

“बाबांचे निरोप कुठे गेले?”

सासरे मागच्या वर्षी गेले. फोनवर पाठवलेले ते निरोप, एवढाच त्यांचा आवाज उरला होता. ती ते एकटीच ऐकायची; मलाही कधी ऐकवले नव्हते.

“वर आहेत,” मी म्हणालो.

“बाबा वर आहेत ते मला माहीत आहे. निरोप कुठे आहेत?”

दाखवायला गेलो आणि घाईत पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मग खातंच बंद पडलं. बायकोने इअरफोन गुंडाळून ठेवून दिले. तिने भांडी आदळली असती तरी मला बरं वाटलं असतं. मला फार भीती वाटत होती. माणूस एकदा गेला होता, आता मी त्याला दुसऱ्यांदा घालवला होता.

सकाळी शिपाई कुलूप काढायच्या आत मी कचेरीच्या दारात. संगणक विभागातल्या बाई आल्या, तसा त्यांच्यामागे धावलो.

“प्रायव्हेटमध्ये ठेवलंय हो! घरचं, खाजगी!”

“अहो, प्रायव्हेट म्हणजे कचेरीचं प्रायव्हेट,” बाई म्हणाल्या. “बाहेरच्यांना बंद, आतल्या सगळ्यांना उघडं. तुमच्या एकट्याचं नव्हे.” त्यांनी खटाखट बटणं दाबली. “सापडलं. पण हे घोषणांच्या फोल्डरमध्ये कुणी टाकलं? यातलं सगळं कचेरी उघडताच—”

भिंतीवरचा कर्णा खरखरला.

“बाळ, पंखा दुरुस्त करायला माणूस बोलाव,” सासरे संपूर्ण कचेरीशी बोलू लागले. “जावयांना स्टुलावर चढू देऊ नकोस.”

आवाज होता! मी घाईघाईने बायकोला फोन लावला आणि कर्ण्यासमोर धरला. पलीकडून आधी हुंदका आला. माझेही डोळे भरले. आजूबाजूला सगळे माना वर करून ऐकत होते.

“माणूस मनाने सोनं आहे,” सासरे पुढे म्हणाले. “म्हणूनच धास्ती वाटते. मदत करतो म्हणाले, की त्यांना काहीतरी आणायला बाहेर पाठवत जा.”

फोनमध्ये बायको रडता रडता हसायला लागली. तिच्यासाठी बाईंनी सगळे निरोप नीट उतरवून दिले.

साहेब केबिनच्या दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. “फार जाणता माणूस,” ते चष्मा पुसत म्हणाले. मग त्यांनी बाईंना माझं लॉगिन कायमचं काढून टाकायला सांगितलं, आणि मला चहा आणायला बाहेर पाठवलं.