हळू आवाजातलं भांडण

"आज माझी पिशवी कोणी उघडूनच दाखवावी!" घरून निघताना वैभवीनं जाहीर केलं.

चौदा महिन्यांच्या गोलूला झोपवता झोपवता, एका हातानं मोबाइल धरून तिनं ग्राहकांचे हक्क वाचून काढले होते. बिल भरलेल्या गिऱ्हाइकाची पिशवी त्याच्या संमतीशिवाय तपासता येत नाही! आई झाल्यापासून वैभवीची संमती कोणी विचारलीच नव्हती. जेवण, आंघोळ, झोप, सगळं गोलूच्या मर्जीनं. त्यामुळे हा शब्द तिला गुळाच्या खड्यासारखा लागला.

"चोरी केली नाही तं दाखवाले काय जाते वं?" सासूबाई प्रेमिलाबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, आई!"

"बरं. तत्त्व घेऊन जाय, अन् येताना तूरडाळ घेऊन ये."

हुडकेश्वर रोडवरच्या त्या मोठ्या दुकानात डाळ घेतली, आणि बिलाच्या रांगेत चमत्कार झाला. दाढा येतात म्हणून दोन दिवस न झोपलेला गोलू तिच्या खांद्यावर गाढ झोपला! तोंड उघडं, लाळेचा ओघळ थेट कुर्त्यावर. वैभवीनं श्वास रोखला. आता अलगद घर गाठायचं, त्याला गादीवर ठेवायचं, की एक अख्खा तास आपला! वाफाळता चहा, तोही बसून!

दारात निळ्या गणवेशातल्या रखवालदार सिंधूताई, हातात बिलावर मारायचा शिक्का.

"ताई, बॅग दाखवा."

"श्श्श! नाही दाखवणार," वैभवी कुजबुजली. "माझा हक्क आहे."

"काय आहे?"

"हक्क!"

सिंधूताईंनी गोलूकडे पाहिलं आणि त्यांचाही आवाज आपोआप खाली आला. "हक्क तं सगळ्यायलेच आहे बाई. पण बॅग पाहिल्याबिगर शिक्का मारला तं साहेब मले बोलते."

"माझ्या संमतीशिवाय नाही!"

"काहून इतकं ताणून राहिली वं पोरी?"

लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघी मैत्रिणी सासवांबद्दल बोलताहेत! मॅनेजर पियुष धावत आला. "मॅडम, काय प्रॉब्..." दोघींनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. तोही बिचारा कुजबुजायला लागला.

वैभवीच्या मागे साबुदाण्याची पुडी घेऊन रुपरावकाका उभे होते, बागेतल्या हास्यक्लबचे प्रमुख. त्यांनी मागच्यांना दटावलं, "हळू बोला गा! पोरगं झोपलं आहे, अन् ताई कायदा सांगून राहिली." मग एकेक वाक्य ते मागे पोचवू लागले. पार ब्रेडच्या फळीपर्यंत कायदा कानोकान गेला.

वैभवीचा खांदा बधिर झाला होता. पिशवी दाखवली असती तर एव्हाना आपण घरी असतो, हे तिला कळत होतं. पण पाठीमागे तीस माणसं आशेनं पाहत होती! आता माघार कशी घ्यायची?

शेवटी पियुषनं हात जोडले. "बरोबर आहे मॅडम तुमचं. तुमची इच्छा नाही, तर नाही बघणार. ताई, मारा शिक्का."

जिंकली!

रुपरावकाकांचं मन भरून आलं. आणि मन भरून आलं की हास्यक्लबचा माणूस काय करतो? त्यांनी दोन्ही हात वर केले, तीन दणदणीत टाळ्या वाजवल्या आणि "हा हा हा!" करून असा हास्याचा गडगडाट केला, की फळीवरचे पापडसुद्धा तडकले असतील!

गोलूनं डोळे उघडले. मग तोंड उघडलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोराडीपर्यंत ऐकू जाईल असं!

"नाही रे माझं सोनं! थांब, बाटली देते..." पण एक हात गोलूनं अडवलेला, दुसऱ्याला मुंग्या आलेल्या. चेन काही उघडेना. "मावशी, उघडा ना हो पिशवी!"

सिंधूताईंनी हात पाठीमागे घेतले. "न बाप्पा! संमती पाहिजे ना?"

"आहे हो संमती! आहे!" वैभवी इतक्या मोठ्यानं ओरडली की ब्रेडच्या फळीपर्यंत निरोप द्यायची गरजच उरली नाही.

मग सिंधूताईंनी पिशवीच उपडी केली. लंगोट, एकटा मोजा, अर्धं बिस्किट, तूरडाळ आणि सर्वांत शेवटी बाटली. दूध पोटात गेलं, गोलू टक्क जागा झाला, आणि त्याला तो शिक्का हवा झाला.

तो अख्खा तास वैभवी दुकानाच्या दारातच उभी होती. गोलू सिंधूताईंच्या कडेवर बसून बिलांवर शिक्के मारत होता, आणि रांगेतला एकेक माणूस न सांगता पिशवी उघडून त्याला दाखवत होता.

रुपरावकाकांनी तर साबुदाण्याची पुडीसुद्धा सोडून दाखवली.