बाईसाहेबांची बादली

जावयाने सासऱ्यांच्या बाथरूममध्ये घोडी आणून उभी केली. पण तसं काही घडलंच नाही असं घरात सर्वानुमते ठरलं आहे, तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून पुढे जाऊ.

तर, त्या दिवशी सकाळी घोडी तबेल्यातच होती. मागच्या अंगणात तबेला, आणि तबेल्यात ही एकटी म्हातारी पांढरी घोडी. तिला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण नुसतं घोडी म्हटलं की ती पाठ फिरवायची. तिचे दात संपले होते. योगायोगाने सासऱ्यांचेही. फरक इतकाच, की सासरे त्या दिवशी कवळी बसवायला निघाले होते आणि बाईसाहेबांना कोणी विचारलं नव्हतं.

जावयाचं दुखणं वेगळं होतं. तो घरजावई होता आणि व्हायोलिनं दुरुस्त करायचा, तीही जेवणाच्या टेबलावर. मागे एकदा सासऱ्यांच्या ताटात व्हायोलिनची खुंटी गेली आणि दात नसल्यामुळे ते ती बराच वेळ मुकाट्याने चघळत बसले. तेव्हापासून जावयाचा अर्ध्या रिकाम्या तबेल्यावर डोळा होता.

“हे बघा जावईबापू,” सासरे निघता निघता म्हणाले, “हल्ली आपली बाईसाहेब अर्धं खाणं टाकते. आज तिने बादली संपवली, तर अर्धा तबेला तुमचा.”

“आणि नाही संपवली तर?”

“तर तुम्ही आहात आणि टेबल आहे.”

मग त्यांनी रीत समजावली. लसूणघासाचा चारा वाळवून, दाबून केलेले ठोकळे. दोन मग भरून घ्यायचे, वर दुप्पट पाणी. भिजून बादली काठोकाठ आली की झालं. बोटांनी कुस्करून बघायचं, कारण सुका ठोकळा घशात अडकला तर घोडी हातची जाईल. “आणि बादली तिचीच, निळी. दुसऱ्या भांड्याला ती तोंड लावत नाही. ठोकळे संपलेत, तेवढे आणा.”

दुकानदाराने दोन पोती पुढे ओढली. “बारीक देऊ की मोठे? बारीक पटकन भिजतात. मोठे जरा निबर.”

जावयाने दोन्ही पोत्यांत नाक खुपसून जाणकारासारखा वास घेतला. दोन्हींना गवताचा वास येत होता. “मोठे द्या,” तो म्हणाला. “घोडी मोठी आहे.”

दुकानदाराने वाद घातला नाही. गिऱ्हाईक शहाणं झालं तर धंदा कोणाशी करायचा?

घरी येऊन जावयाने दोन मग ठोकळे भिजत घातले. अर्ध्या तासाने पाहिलं, तर ठोकळे जैसे थे. एक बादलीच्या काठावर आपटून पाहिला. काठाचा टवका उडाला. बादली काठोकाठ यायची होती, ती पावसुद्धा भरली नव्हती. म्हणून त्याने आणखी दोन मग टाकले. मग पुन्हा दोन.

“काय चाललंय?” बायकोने विचारलं.

“भिजत नाहीत गं.”

“मग गरम पाणी घाल की. आंघोळीला घेतोस ना?”

त्याने बादली उचलून बाथरूमच्या टबात ठेवली, पोत्यात उरलेले ठोकळे तिच्या अवतीभवती हयगय न करता ओतले, गरम पाण्याचा नळ सोडला आणि एका व्हायोलिनची डिंकाची सांधजोड वाळली का, ते फक्त बघून यायला गेला. फक्त बघून यायला गेलेला माणूस किती वेळाने येतो, हे त्याच्या बायकोला विचारावं.

परत आला तेव्हा टब काठोकाठ हिरवा झाला होता. मधोमध निळ्या बादलीची कडी तेवढी वर दिसत होती, बुडत्या माणसाच्या हातासारखी. त्याने कडी ओढली. बादली हलली नाही. मगाने उपसायला घेतलं, तर तो उपसेल तेवढं खालून फुगून वर येत होतं. शेवटी फरशी पुसायच्या बादलीत थोडं भरून तबेल्यात नेलं. बाईसाहेबांनी वास घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून दारावर लाथ मारली.

“बादली तिच्याकडे जात नाही ना?” बायको वैतागून ओरडली. “मग तिलाच बादलीकडे ने!”

ती रागाने बोलली होती. पण जावयाने पुष्कळ शोधूनही त्याला त्यात चूक सापडली नाही.

बाईसाहेब मागच्या दाराने शिस्तीत आल्या. त्यांनी कडी ओळखली. जावई टबाशी गुडघे टेकून मूठ मूठ कुस्करत होता, आणि त्या खात होत्या. बादलीचा काठ दिसला, मग पोट, मग तळ. तळ त्यांनी चाटला. बादलीबाहेरच्या ढिगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दांडीवरच्या टॉवेलवर हनुवटी टेकवली आणि वाफेत डोळे मिटले.

त्याने ओढलं, ढकललं, हात जोडले. पण मागे सरकणं बाईसाहेबांना तरुणपणीही मान्य नव्हतं.

सासरे नवे दात घेऊन आले आणि दारातच थांबले.

“संपवली?”

“संपवली, बाबा.”

“सगळी?”

“तळ चाटला.”

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. वाफ फार आहे म्हणाले. मग त्यांच्यातला निवृत्त हेडक्लार्क जागा झाला. “बाथरूममध्ये घोडी ठेवायला कोणाची मंजुरी आहे?”

“कोणाचीच नाही.”

“मग ती इथे नाही.”

जावयाला शब्दाप्रमाणे अर्धा तबेला मिळाला. उरलेल्या अर्ध्यात आता घर आंघोळ करतं, कारण बाईसाहेब बाथरूम सोडत नाहीत आणि बादली रोज संपवतात. वाफेने तबेल्यात डिंक वाळत नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर व्हायोलिनची नुसती पाठ राहिली, बाकीचं हातात आलं.

“बाबा, तिला बाहेर काढा ना!”

“कोणाला? कुठून?” सासरे नव्या दातांनी हसले. “लेखी द्या.”

जावयाने लेखी दिलं:

“महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती की, आपल्या बाथरूममध्ये नसलेल्या घोडीस, घरातील आंघोळी उरकेपर्यंत तेथून बाहेर थांबण्याबाबत आपल्या स्तरावरून समज देण्यात यावी, व शक्य झाल्यास टॉवेल परत करण्यास सांगावे.”