दार लाव, ऊब जातेय!

आमच्या घरात बिघडलेली वस्तू माझं नाव ऐकूनच अर्धी दुरुस्त होते! बढाई नाही, खरंच सांगते. गेल्याच महिन्यात मी कॉफीचं यंत्र नीट केलं. आता ते आगगाडीसारखी शिट्टी मारतं, पण कॉफी येते ना? म्हणून माझ्या खोलीतलं वायफाय आचके द्यायला लागलं तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, "कुणी मधे बोलायचं नाही. हेल्का समर्थ आहे!"

घाई होती. शनिवारी पाच वाजता माझी मुलाखत होती. बेटावरच्या दीपगृहाशेजारी एक कॉफीघर आहे, तिथे उन्हाळाभर काम! वर्गातल्या निम्म्या पोरी त्यावर टपलेल्या. मालकीणबाई राइली लॅपटॉपवरून बोलणार होत्या. माझा फोन फेब्रुवारीतच तळ्याच्या बर्फातल्या भोकात गेला होता. गार पाण्यात डुबकी मी मारायची होती, मारली त्याने! उरला आईचा जुना लॅपटॉप आणि त्याला खोचलेला बोटाएवढा वायफाय अॅडाप्टर.

मी त्याचं सॉफ्टवेअर ताजं केलं. वीज वाचवायची त्याची खोड मोडली. लांब वायर लावून त्याला खिडकीत बसवलं, सिग्नल अडवून त्याच्याकडे वळवायला मागे पिठाची स्टीलची चाळणी उभी केली. सिग्नलची एक काडी होती, ती दीड झाली! निदान मागची भिंत तरी बरी दिसावी म्हणून तिथल्या एका कुरूप चौकोनी डबीवर अस्वलाचं स्टिकर चिकटवलं.

"बैठकीत बस की," बाबा म्हणाले.

"तिथे आजोबा हॉकी बघतात. गोल झाला की शेजारच्या गावातली कुत्री भुंकतात!"

मग मी लॅपटॉप छातीशी धरून घरभर फिरले. आमचा राउटर बोळात, सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या वाफेच्या खोलीच्या, अगदी समोर. सौनात शिरून दार लावलं, तर सिग्नल ठार! दार उघडलं, तर पाचही काड्या उभ्या!

"भिंतींत चंदेरी कागद आहे," आजोबा अभिमानाने म्हणाले. "वाफ धरून ठेवायला. लोक एक थर घालतात, मी दोन घातले!"

म्हणजे माझी खोली आणि राउटर यांच्यामध्ये आजोबांनी किल्ला बांधला होता! पण हरेल ती हेल्का कसली? मी ठरवलं, किल्ल्यातच बसायचं. दार उघडं, वरचा बाक, मागे लाकडी भिंत. अगदी बँकेच्या साहेबाची खोली!

फक्त आज शनिवार आहे आणि दर शनिवारी आजोबा सौनाची भट्टी चारलाच पेटवतात, हे त्या साहेबाच्या लक्षात आलं नाही.

पाच वाजता राइलीबाई पडद्यावर उगवल्या. चेहरा असा, की समुद्रानेही परवानगी काढून लाटा सोडाव्यात.

"बोल. आमच्याकडेच का यायचंय?"

"कारण मला माणसं..."

फाट! बाईंचा चेहरा गोठला. बाहेरून आईचा आवाज, "सौनाचं दार कोणी सताड ठेवलंय?"

मी उडी मारून दार उघडलं. "...आवडतात!"

"कोण आवडतात?"

"माणसं!"

फाट! या वेळी बाबा. "अरे, सगळी ऊब बोळात!"

उघडलं. घाम नाकावरून टपकत होता. मी समजले, घाबरलेय!

"तू आजारी आहेस का गं पोरी? लालबुंद झालीस."

"नाही बाई, हा उत्साह आहे!"

इतक्यात दारात आजोबा. कमरेला पंचा, हातात पाण्याची बादली.

"अगं, कपडे घालून सौनात? आणि दार उघडं? तुला काय आम्ही जंगलात वाढवली?"

"आजोबा, मुलाखत!" मी लॅपटॉपवर टॉवेल टाकला. टॉवेलातून बाईंचा आवाज आला.

"ती कुठे बसलीय? सौनात?"

"हो ना!" आजोबा वाकून टॉवेलाला म्हणाले. "आणि दार बघा कसं सताड!"

"भट्टी पेटलीय?"

"चारपासून!"

बाई कडाडल्या. "पोरी! आधी दार लाव! ऊब जातेय!"

काय सांगू, त्या आवाजापुढे माझे हात आपोआप हलले. मी दार लावलं.

मुलाखत संपली.

मी बाकावर बसून भोकाड पसरलं. आजोबा लॅपटॉप बाहेर ठेवून आले, निखाऱ्यासारख्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं आणि म्हणाले, "रड. इथे रडलेलं कुणाला कळत नाही."

बाहेर आले तर लॅपटॉपवर राइलीबाईंचं पत्र आलेलं! "आमच्या किनाऱ्यावरही सौना आहे. गेल्या वर्षीच्या मुलीला दार लाव असं चारदा सांगावं लागायचं. तू एकदाच ऐकलंस. जूनमध्ये ये. सकाळी पाव भाजायचे, दुपारी सौनाच्या भट्टीत लाकडं टाकायची."

मी बोळात नाचले! आई नाचली, बाबा नाचले! शिट्टी मारत कॉफी झाली, दालचिनीचे पाव निघाले. आजोबा मात्र डोकं खाजवत होते.

"पण तू लॅपटॉपला इंटरनेटची तार का नाही लावलीस? घर बांधताना राउटरपासून तुझ्या खोलीपर्यंत मीच टाकलीय. पलंगाजवळ चौकोनी डबी आहे बघ."

"आजोबा! मग सांगितलं का नाहीत?"

"तूच म्हणालीस, कुणी मधे बोलायचं नाही."

मी खोलीत धावले. डबीवर अस्वल बसून हसत होतं. मी नखाने खरवडलं, चमच्याने खरवडलं, बाबांची पक्कड आणली. निघेचना!

या घरात मी पक्कं केलेलं काम बहुधा तेवढं एकच.