आबिद रोडवरची खोली

धम्मानंद मास्तरांनी हैदराबादचं हॉटेल ठरवलं, ते थेट आबिद रोडला लागून. निजामाच्या काळापासूनचा हा झोकदार रस्ता. मास्तरांच्या बायकोच्या, केशरबाईंच्या आईनं तो एकदाच पाहिला आणि जन्मभर सांगितला. तेव्हापासून केशरबाईंची एकच हौस होती, चांगली साडी नेसून, नवऱ्याच्या बरोबरीनं त्या रस्त्यावरून रमतगमत चालायचं. नोकरी होती तोवर मास्तर "पुढच्या सुट्टीत जाऊ" म्हणत राहिले. रिटायर झाले तेव्हा कुठं जमलं.

केशरबाईंनी बजावलं, "हे बघा, गावात कुनाला सांगू नका. सुगतच्या कानावर गेलं तर झालं आपलं फिरनं!"

सुगत म्हणजे मास्तरांचा पुतण्या. हैदराबादच्या पार टोकाला, लिंगमपल्लीला राहणारा. पुतण्याचं घर असताना चुलत्यानं हॉटेलात उतरायचं, म्हणजे आमच्याकडं नातं तोडल्यातच जमा.

"मी काय येडा हाय का?" मास्तर म्हणाले.

येडे नव्हते हो, पण तोंड! आमच्या बोरी गावच्या स्टँडवर चहा पिताना सूर्यभाननं नुसतं विचारलं, "सर, कुठं जायलात म्हनं?" की झाले सुरू. "हैदराबादला! हॉटेल आबिद रोडवर. खिडकी उघडली की समोर आख्खा रस्ता. लोकेशन म्हन्तेत त्याला!" अरे बाबा, गावाला जातो म्हणावं आणि गप चहा प्यावा. पण नाही. दुपारपर्यंत ते लोकेशन न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. सूर्यभान हा सुगतचा वर्गमित्र. त्यानं कौतुकानं फोन लावला.

हैदराबादला गाडीतून उतरतात, तर फलाटावर सुगत आणि त्याची बायको सुकेशनी उभे.

"काका, आमी मेलो व्हतो का?" सुगतनं पाया पडायच्या आधीच विचारलं.

"तसं न्हाई रे. तुमाला तरास नको म्हनून..."

"तरास? तुमीच मला शिकवून मोठं केलं ना?"

तोवर सुकेशनीनं केशरबाईंची पिशवी उचललीसुद्धा.

"पन खोली घेऊन बसलो ना, लेका. आता ती रद्द होत न्हाई," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, एवढ्यानं तरी सुटका होईल.

सुकेशनी म्हणाली, "मग वाया कशाला घालवायची, काका? आमी दोघं जातो की! लगीन झाल्यापासून कुठं गेलोच न्हाई. लेकरं ऱ्हातील तुमच्यापाशी. त्यांनाबी आजी-आजोबाची माया."

केशरबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. एक "न्हाई" म्हणायचं होतं. स्टँडवर घडाघडा बोलणाऱ्या मास्तरांच्या तोंडून तेवढं काही निघेना. उलट त्यांनीच हॉटेलात फोन करून सांगितलं, आमच्या जागी पुतण्या येतोय, नीट बघा.

झालं. सगळा मुक्काम लिंगमपल्लीत लेकरांची नाकं पुसण्यात गेला. तिकडून फोटो यायचे. खिडकी, रस्ता, दुकानं, नव्या ड्रेसातली सुकेशनी. खाली सुगत लिहायचा, "काका, लोकेशन एक नंबर!" निघायच्या दिवशी तरी जाऊन येऊ म्हणाले, तर धाकट्याला ताप भरला. तिथून सरळ स्टेशन गाठलं.

बोरीत पाऊल टाकताच शेजारची मंजुषा आली. "काकू, कसा हाय वो तो रस्ता?"

मास्तरांनी मान खाली घातली. म्हटलं, आता निघणार आपले वाभाडे.

"लय रुंद," केशरबाई म्हणाल्या. "दिवे लागले की बघतच ऱ्हावं. आमी दोघं रोज चालत जायचो. हे तर दर दुकानापुढं थांबायचे. म्हनायचे, घे की गं काहीतरी."

"नशीब लागतंय बाई!" म्हणत मंजुषा गेली.

मास्तरांना वाटलं, हिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग चाचरत म्हणाले, "मी... खरंच तसं म्हनलो असतो गं."

"म्हनलाच असता की," केशरबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला उठल्या.