घड्याळजी तुलना गटात

आत्याने चौकटची राणी मांडीखाली सरकवली, समोर बसलेल्या घड्याळजींनी ती नेहमीप्रमाणे पाहिली, आणि आता भांडण रंगणार तेवढ्यात भाचा दारात येऊन म्हणाला, “पत्ते आवरा. तुमचा एकटेपणा घालवायचाय.”

आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, घड्याळजी दुरुस्तीचं दुकान विकून मोकळे झालेले. दोघांची दारं समोरासमोर. तिचे यजमान गेले, त्यांची बायको गेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी ही दोन्ही दारं उघडी असत आणि पत्त्यांवरून होणारी भांडणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जात. आत्या फसवायची, घड्याळजी पकडायचे. दोघांनाही याहून जास्त काही नको होतं.

भाचा एका संस्थेत लागला होता. लोकांचं भलं करणाऱ्या संस्था पूर्वी नुसतंच भलं करत. आता त्यात पैसेवाल्यांनी लक्ष घातल्यामुळे भलं मोजून घ्यावं लागे.

“श्रीमंतांनी पैसे घातलेत,” भाच्याने समजावलं. “म्हाताऱ्यांचा एकटेपणा कमी झाला तर सरकार ते नफ्यासकट परत करणार. नाही झाला तर बुडाले.”

“आणि कमी झाला की नाही, ते कोण ठरवणार?”

“तपासनीस.”

“त्याचे बुडतात का?”

“त्याचे आधीच देऊन टाकलेत. हे बघ, आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तू सोबत मिळणाऱ्यांच्या गटात आलीस. तुझ्याकडे रोज संध्याकाळी पगारी सोबतीण येईल. काका आलेत तुलना गटात.”

“मला काय मिळणार?” घड्याळजींनी विचारलं.

“काही नाही. काही न मिळालेल्या माणसाचं काय होतं, तेच तर बघायचंय. म्हणून तुम्हाला कुणाची सोबत मिळता कामा नये. हे पत्ते आजपासून बंद.”

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे शहाण्या, आम्ही एकटे आहोत कुठे?”

“दोघं वेगवेगळ्या घरात एकटे राहता ना? नियमात तेवढंच विचारलंय. आत्या, माझी नोकरी या दोन गटांतल्या फरकावर आहे.”

आई गेल्यावर या पोराला आत्यानेच वाढवलं होतं, त्यामुळे तिने पत्ते गोळा केले. घड्याळजींनी तर लिफ्टचा अर्ज समजून आधीच सही केली होती, आणि सही म्हणजे शब्द, असं मानणाऱ्या अवघड माणसांपैकी ते एक होते. ते उठले, चष्मा घेतला आणि समोर जाऊन दार लावून बसले.

दुसऱ्या दिवसापासून सोबतीण येऊ लागली. तिला ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यामुळे आत्या काहीही बोलली तरी ती मान तिरकी करून म्हणायची, “मग तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या आत्याला बोलण्याचं मुळीच अप्रूप नव्हतं. तिने पत्ते काढले, तर सोबतीण म्हणाली, “हरण्याजिंकण्याचे खेळ आम्हाला मना आहेत. त्याने मन दुखावतं.”

“अगं, त्याच्यासाठीच खेळतात,” आत्या म्हणाली. सोबतिणीने मान तिरकी केली.

समोरच्या बंद दारामागून घड्याळजींचं खोकणं ऐकू यायचं. आत्याला त्यांची फार आठवण येई. फसवायला म्हणून या जगात एकच माणूस उरला होता, तोही हिशेबात अडकला. एकदा जिन्यात दोघं समोरासमोर आले. तिने हसून “बरे आहात ना?” विचारलं, तर घड्याळजी कठड्याकडे बघत म्हणाले, “मी तुलनेत आहे,” आणि खाली उतरून गेले. त्या रात्री आत्या जेवली नाही.

सहा महिन्यांनी तपासनीस येऊन दोघांना प्रश्न विचारून गेला. निकाल लागला तसा भाचा पेढा मिळाल्यासारख्या तोंडाने आला.

“आत्या, जिंकलो. तुझा एकटेपणा वाढलाय.”

“वाढलाय? मग बुडालास ना मेल्या?”

“छे. काकांचा तुझ्या दुप्पट वाढलाय. काका अगदी छान खचलेत. पैसे फरकावर मिळतात, आणि फरक असला भरघोस आलाय की पैसे घालणारे फंडवाले खूश आहेत. प्रयोग आणखी तीन वर्षं वाढवलाय.”

आत्या उभी राहिली. “मला यातून काढ.”

“तसं काढता येत नाही. मधेच सोडून गेलेला माणूस अपयशात धरतात.”

“आणि मेलेला?”

“तो कशातच धरत नाहीत.”

“मग मला मेलेली दाखव.”

भाच्याने असं कसं, तसं कसं सुरू केलं. आत्याने शांतपणे सांगितलं, की नाहीतर ती तपासनिसाला आधीच्या सगळ्या वर्षांच्या पत्त्यांची हकिकत सांगेल, मग त्याने फरक खुशाल पुन्हा काढावा. त्याच आठवड्यात आत्या झोपेत, समाधानाने वारली. सोबतिणीला दुसरी म्हातारी मिळाली.

घड्याळजींना पटवायला मात्र वेळ लागला. “मी कुणाची सोबत घेणार नाही असं लिहून दिलंय,” ते दारातून म्हणाले.

“मी कुणी राहिलेय का आता? वाटा पत्ते.”

यावर त्यांनी बराच विचार केला, मग दार पूर्ण उघडलं. भांडणं पुन्हा खालच्या मजल्यापर्यंत जाऊ लागली.

पुढच्या खेपेला तपासनीस घड्याळजींकडे आला, तेव्हा आत्या हातातल्या पत्त्यांसकट त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. खोटं बोलायचं एवढंच तिने त्यांना बजावलं होतं, आणि नेमकं तेवढंच त्यांना जमत नसे.

“शेजारच्या बाई गेल्याचं कळलं,” तपासनीस म्हणाला. “वाईट झालं.”

“नाही हो. फार बरं झालं,” घड्याळजी म्हणाले.

तपासनिसाचं पेन थबकलं. “एकटं वाटतं?”

“त्या गेल्यापासून मुळीच नाही.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळची तर मी वाट बघतो.”

भाच्याला वाटलं, आता नोकरी गेली. पण फंडवाल्यांकडे आकड्यांतून अर्थ काढणारे पगारी विद्वान होते. महिन्याभराने भाचा आला, तो घाम पुसतच. दोघांचा डाव ऐन रंगात होता.

“नोकरी वाचली,” तो म्हणाला. “पण ते निष्कर्षाला पोचलेत. काहीही खर्च न करता, नुसती शेजारीण वारल्याने काकांचा एकटेपणा पार गेला. इतका स्वस्त परिणाम त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आता शेजाऱ्यांपासून सुटका करून देण्याच्या योजनेत पैसे घालताहेत. या इमारतीपासून सुरुवात. समोर कुणी राहत असेल, तर त्याला लांब कुठेतरी हलवायचं.”

घड्याळजींचा हात पत्त्यांवरच थांबला. त्यांनी घाबरून आत्याकडे पाहिलं.

आत्याने आपणच खाली टाकलेलं पान हळूच परत उचललं, हातातली पानं नीट लावली आणि म्हणाली, “बरं झालं बाई, मी वेळेवर गेले.”