आईसाहेबांच्या बैठकीची कैफियत

श्री बलभीम समर्थ. आपण पुसिले जे, गादीचा तंटा कैसा उपजला व कैसा मिटला, ते साद्यंत लिहोन द्यावे. त्यास आज्ञेप्रमाणे लिहिले असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सरे, राज्यावर सगुणाबाई आईसाहेब होत्या. उमर साठीपार, गुडघे कुरकुरत, बाणा मात्र करारी. आणि त्या राज्याचा शिरस्ता ऐसा जे, दसऱ्याचे दरबारी धन्याने भुईलगतच्या गादीवर बसावे आणि हात न टेकता उठावे; हात टेकला की गादी गेली. हे जाणोन धाकटे दीर मानाजीराव मिशांस पीळ भरीत दसऱ्याची वाट पाहो लागले. वैद्यराज म्हणाले, "आईसाहेब, आता खुर्ची बरी. गादी रावांस द्यावी." आईसाहेबांचे मस्तकी तिडीक गेली. म्हणाल्या, "गुडघे माझे, गादी माझी. तुम्ही लेप लावा, सल्ला राहू द्या."

मग दक्षिण प्रांतीची तुळसाक्का, जिममध्ये बायकांस कसरत शिकविणारी, ती बोलाविली. तिने बैठक मारावयास सांगितली, तो आईसाहेब कंबरेत वाकल्या, मान खाली, टाचा उचललेल्या, आणि तोल जाऊन पुढे पडल्या. तुळसाक्का म्हणाली, "आईसाहेब, ह्यो मुजरा झाला, बैठक न्हवं! तुमच्या दरबारात समद्यांचं असंच. खाली जायचं म्हटलं की पाठ वाकतीया. ढुंगान मागं न्या, छाती वर, टाचा भुईला, गुडघं पंज्याच्या रोखानं." त्यास, सून होऊन आल्यापासोन सासऱ्यांस, दिरांस, आल्यागेल्यास वाकोन वाकोन पाठीस तेच वळण पडले होते. ते मोडता बहुत कष्ट जाहले, आणि एके दिवशी आईसाहेब रागाने रडल्या, आणि रडतच पुन्हा बैठकीस उभ्या राहिल्या.

मग सरंजामाची निवड. मानाजीरावांनी मोठ्या मानभावीपणाने एक मऊ गाद्यांचे मशीन नजर केले, ज्यात टेकोन पडावे आणि पायांनी फळी लोटावी. सौदागराने रुळांवर सरकणारा दांडा दाखविला. आईसाहेबांनी दोन्ही करोन पाहिले आणि म्हणाल्या, "हे मला धरून ठेवते. दरबारात मला कोण धरणार?" मग दांडा ठेवावयाचा साधा लोखंडी रॅक घेतला, खांद्यावर घेऊन बैठका मारावयास हलका दांडा, तो निसटल्यास झेलावयास आडव्या सळ्या, आणि आरंभी बूड टेकावयास उंच चौरंग, आणि तुळसाक्का चौरंग बदलोन बदलोन बुटका आणीत गेली, शेवटी काढोनच टाकिला.

दसरा आला. दरबार भरला, आणि आईसाहेब गादीवर बसल्या, पाय पोटाशी घेतले, टाचा रोविल्या आणि हात छातीशी बांधोन उठल्या. गुडघे ऐसे वाजले जे मागल्या रांगेस ऐकू गेले. मानाजीराव चरफडोन म्हणाले, "हे काय उठणे! मान ताठ, छाती पुढे. घरंदाज बाईस शोभते काय?"

"भावोजी, वाकून उठता येत नाही. गादी मोकळी आहे, बसा. हात न टेकता उठलात तर तुमची."

मानाजीरावांनी गादी पाहिली, आपले पोट पाहिले, आणि म्हणाले, "आज आमचा उपास आहे." दसऱ्याचा उपास ऐकोन पडद्याआडच्या बायका खदखदा हसल्या, आणि कोणी त्यांस गप्प केले नाही.

येणेप्रमाणे तंटा मिटला. गुडघे अद्याप कुरकुरतात. परंतु कोठे बसावे आणि कधी उठावे, हे आईसाहेब आपले आपण ठरवितात.